दहा तारखेची शपथ

सगुणानं खिळ्यावरचं कॅलेंडर काढलं आणि माझ्या चहाच्या कपाशेजारी जमिनीवर पसरलं.

‘हे जरा बघा,’ ती म्हणाली.

सप्टेंबरची एकोणतीस तारीख होती. पावणेआठ वाजले होते. मी वडजाईवाडी ग्रामपंचायतीचा पाणीवाला. नदीकाठच्या पंपघरात मोटार चालू करायची, टाकी भरायची आणि आळीआळीनं व्हॉल्व्ह सोडायचे, हे माझं काम. तेव्हा आमच्याकडे वीज एक आठवडा दिवसा असायची, एक आठवडा रात्री. त्याचं वेळापत्रक मी घडी करून खिशात ठेवत असे. त्या आठवड्यात वीज आठला येणार होती.

‘संध्याकाळी बघतो,’ मी म्हणालो.

‘संध्याकाळी तुम्ही पारावर. आत्ताच बघा. हे काळं ठिपकं हाईत न्हवं, ते मशेरीचं. दिवसात जितक्यांदा लावली तितकं ठिपकं. कोळशानं केल्यात. आन् हे लाल कुंकवाचं. माझ्या बाजूला बसायच्या दिवसांचं.’

माझी आई मागच्या दारी तांदूळ निवडत होती. मी तिकडं बघितलं.

‘हळू बोल की जरा.’

‘हळूच बोलतीय. जुलै बघा. लाल ठिपक्यांच्या आधीचं पाच-सहा दिवस बघा. काळं किती झाल्यात? एका घरात आठ, एका घरात नऊ. आन् लाल सरल्यावर बघा. दोन, तीन, दोन. एक दिवस तर एकपण न्हाई. ऑगस्टात तेच. ह्या महिन्यात बी तेच.’

खरंच तसं होतं. पतसंस्थेनं फुकट दिलेलं कॅलेंडर होतं ते. लाल ठिपक्यांच्या आधीची घरं चुलीतल्या भांड्याच्या बुडासारखी काळी झाली होती. मी बघितलं. बघितलं नाही असं मला म्हणता येणार नाही.

‘मग?’

‘मग हेच की, त्या दिवसांत मी सोडायला गेले की मला सुटत न्हाई. डोकं फुटतं, हात कापत्यात, पोरीवर खेकसते. पाळी होऊन गेली की तीच मशेरी फडताळात पडून ऱ्हाती, आठवण बी येत न्हाई. आता दोन तारखेला गावात मशेरी सोडायची शपथ हाय. माझं चार तारखेला यायचं. म्हणजे ऐन वाईट दिवसांत डबी टाकायची. तुम्ही सरपंचास्नी सांगा, सगुणा दहा तारखेला शपथ घेती. आठ दिवसांचा तर प्रश्न हाय.’

मशेरी काय असते हे आमच्याकडं सांगावं लागत नाही. तंबाखू तव्यावर काळी होईतो भाजायची, चुरायची, डबीत भरायची. बाया दात घासायला म्हणून लावतात आणि बोट हिरडीवर ठेवून अर्धा अर्धा तास बसून राहतात. सगुणा लग्न होऊन आली तेव्हापासून लावत होती. जूनमध्ये आरोग्य केंद्रात तिच्या गालाच्या आतल्या बाजूला पांढरा चट्टा निघाला. तिथल्या नर्सबाईनं स्पष्ट सांगितलं होतं, ‘मशेरी बंद करा. आज हा चट्टा आहे. उद्या तो काय होईल ते मला तुमच्या तोंडावर सांगायला लावू नका.’ तेव्हा सगुणा चौतीस वर्षांची होती. आमची पोर सहावीत होती.

तर ती मरणाला भिऊन बोलत होती. मला हे माहीत होतं.

आणि मी हसलो.

‘अगं, त्याचं कारण सोपं हाय,’ मी म्हणालो. ‘ते चार दिवस तू चुलीला शिवत न्हाईस. आई काय तुला मशेरी भाजून देणार न्हाई. म्हणून तू आधीच तवाभर भाजून ठेवतीस. डबी भरलेली असली की बोट जातंयच. त्यात पाळीचा काय संबंध?’

तिनं कॅलेंडरवर बोट ठेवलं. मग म्हणाली, ‘मलाबी आधी तसंच वाटलं हुतं. म्हणून मी ते बघितलं. अनसाकाकूकडं मी—’

तेवढ्यात डोक्यावरचा दिवा लागला. वीज पाच मिनिटं आधी आली होती. मी पंपघराची किल्ली उचलली आणि निघालो. तिचं वाक्य मी पुरं ऐकलं नाही, आणि पुढं अकरा वर्षं कधी विचारलंही नाही.

*

दोन ऑक्टोबरला ग्रामसभा शाळेच्या पटांगणात भरली. ‘मशेरीमुक्त गाव’ स्पर्धेत आमच्या गावानं नाव दिलं होतं. तालुक्याहून व्यसनमुक्ती समितीचे डॉक्टर मिरगे आले होते. पांढरा शर्ट, गळ्यात समितीचं ओळखपत्र. मंचावर सरपंच भास्करराव जगदाळे. पटांगणाच्या मधोमध गोवऱ्या रचून जाळ केला होता. गावातल्या सगळ्या बायांनी शपथ घ्यायची आणि आपापली डबी जाळात टाकायची, असा कार्यक्रम. त्यानंतर महिनाभर दक्षता समिती घरोघर हिंडणार होती. जिच्याकडं मशेरी सापडेल तिचं नाव पंचायतीबाहेरच्या फळ्यावर खडूनं लिहायचं, असा ठराव होता. पुरुषांच्या तंबाखूचं काय, असं कुणी विचारलं नाही. भास्करराव स्वतः पानात एकशेवीस नंबरची तंबाखू खातात. मंचावर बसले होते तेव्हाही त्यांचा गाल फुगलेला होता.

मिरगे चांगलं बोलले. कर्करोगाची चित्रं दाखवली. बाया पदर तोंडाला लावून बघत होत्या. आमच्या शेजारच्या अनसाकाकू तेव्हा साठीला आल्या होत्या. त्या पुढं बसून मोठ्यानं म्हणाल्या, ‘माझं तर हाड न् हाड मशेरीत मुरलंय, डॉक्टर. सरणावर ठेवल्यावर चार गावास्नी तलफ येईल.’ सगळे हसले. मिरगेही हसले.

मग ते म्हणाले, ‘कुणाला काही शंका?’

बायांच्या बाजूनं सगुणा उभी राहिली. तिच्या हातात गुंडाळलेलं कॅलेंडर होतं.

‘डॉक्टर, मला शपथ घ्यायची हाय,’ ती म्हणाली. ‘फक्त आज न्हाई. दहा तारखेला घेते.’

‘का बरं? आज काय झालं?’

‘माझं हे दिवस वाईट असत्यात. तीन महिनं मी खुणा केल्यात. पाळी यायच्या आधी तलफ लई येती, नंतर कमी होती. ह्यात दिसतंय. तुम्ही शिकलेलं हायसा, तुम्ही बघा. दहा तारखेला धरलं तर मला बळ मिळंल.’

पाळी हा शब्द आमच्या ग्रामसभेत त्याआधी पिकाच्या पाण्यासाठीच बोलला गेला होता. पुरुषांच्या बाजूला खाकरणं सुरू झालं. कुणीतरी मागून शीळ घातली. मिरगेंनी कॅलेंडर हातात घ्यायला हातसुद्धा पुढं केला नाही.

‘ताई,’ ते म्हणाले, ‘व्यसन सोडायला पंचांग लागत नाही. निर्धार लागतो.’

टाळ्या पडल्या.

‘निर्धार हाय, डॉक्टर,’ सगुणा म्हणाली. ‘म्हणून तर तारीख मागती.’

टाळ्या थांबल्या. मिरगेंनी गळ्यातलं ओळखपत्र सरळ केलं. मला तेवढ्या गडबडीतही ते दिसलं. आज वाटतं, तेवढ्यात मी उठलो असतो, नुसतं ‘ती बरोबर बोलतीय, बघा की तो कागद’ एवढं म्हणालो असतो, तर पुढचं सगळं वेगळं झालं असतं. पण भास्कररावांनी मला हाक मारली.

‘निवृत्ती! तुझी मंडळी काय म्हणतीया? आम्हाला काय कळंना बाबा. तूच सांग.’

भास्कररावांनी मला पंचायतीत लावलं होतं. दोनशे माणसं माझ्याकडं बघत होती. मी उभा राहिलो आणि म्हणालो,

‘तसं काय न्हाई, साहेब. त्या चार दिवसांत बाया चुलीला शिवत न्हाईत. म्हणून आधीच तवाभर भाजून ठेवत्यात. घरात साठा झाला की हात आवरत न्हाई. एवढीच गोष्ट हाय.’

मोठा हशा झाला. भास्कररावांना ठसका लागला, रस शर्टावर उडाला. मिरगे माझ्याकडं बोट दाखवून म्हणाले, ‘बघा! ह्यांनी बरोबर पकडलं. कारण आपल्या सवयीत असतं, शरीरात नाही.’

सगुणा अजून उभी होती. ती काहीतरी बोलायला लागली. ‘न्हाई, ते मी अनसाकाकूंच्या—’

‘बस खाली,’ मी म्हणालो.

दोनशे माणसांत मी तिला बस खाली म्हणालो. ती बसली. कॅलेंडर तिनं पुन्हा गुंडाळलं, आधी होतं त्याहून बारीक, अगदी काठीसारखं. मग शपथ झाली. तिनंही हात पुढं केला. रांगेनं जाऊन डबी जाळात टाकली. ती पितळेची डबी होती, तिच्या आईनं दिलेली. बाकीच्यांनी पत्र्याच्या आणि प्लास्टिकच्या टाकल्या.

घरी येताना ती माझ्या पुढं चालत होती. एरवी ती मागं चालायची.

*

तीन तारखेला तिनं भाकरी तीनदा करपवली. पोरीनं दप्तर मध्ये ठेवलं म्हणून तिच्या पाठीत धपाटा घातला, आणि मग तिलाच जवळ घेऊन रडली. आई म्हणाली, ‘काय झालंय हिला?’ मी म्हणालो, ‘मनावर घेत न्हाई, दुसरं काय.’ सगुणा पाणी भरत होती. तिच्या हातातली कळशी हिंदकळत होती. हात कापत होते, ती म्हणाली होती तसेच.

चार तारखेला सकाळी ती अनसाकाकूंच्या गोठ्यामागं बसून मशेरी लावताना सापडली. दक्षता समितीच्या दोघी जणी पाळतीवरच होत्या. त्यांनी तिचं बोट धरून तिला पंचायतीपर्यंत आणलं. बोट धरून, म्हणजे खरंच बोट धरून. पुरावा म्हणून. काळं बोट.

मी दहा वाजता पंपघरातून येत होतो. फळ्यावर खडूनं लिहिलं होतं, ‘शपथभंग : सौ. सगुणा निवृत्ती शेडगे.’ खाली रेघ मारली होती. फळ्यासमोर चार-पाच जण उभे होते. एक जण म्हणाला, ‘निवृत्तीअण्णा, तवा मोठा घेतला वाटतं.’ मी मान खाली घालून पुढं गेलो. फळा पुसायला तळहात लागतो, दुसरं काही लागत नाही. मी तो पुसला नाही.

दुपारी उशिरा घरी आलो तर सगुणा मागच्या पडवीत घोंगडीवर बसली होती. बाजूला तांब्या, ताट. तिची पाळी दुपारी बाराच्या सुमारास आली, आई म्हणाली. चार तारीख. तिनं सांगितली होती तीच.

मी काहीतरी बोलायला हवं होतं. मी म्हणालो, ‘दोन दिवस कळ काढायला काय झालं हुतं?’

ती म्हणाली, ‘मी दोन दिवस मागितलंच न्हवतं. मी आठ मागितलं हुतं.’

त्यानंतर तिनं या विषयावर माझ्याशी शब्द काढला नाही. दहा तारीख आली आणि गेली. मी वाट बघत होतो की ती आपणहून सोडेल, म्हणजे माझ्या जिवाला बरं वाटेल. तिनं सोडली नाही. आईनं विचारलं तर म्हणाली, ‘नाव लागलंच हाय. आता कुणासाठी सोडू?’ नवी डबी आणली, पत्र्याची. अंगणात बसून सगळ्यांदेखत लावायला लागली. भिंतीवर पुढच्या वर्षीचं कॅलेंडर आलं. त्याच्यावर एकही ठिपका पडला नाही.

नोव्हेंबरात गावाला बक्षीस मिळालं. फळ्यावर महिनाभरात तिचं एकटीचं नाव होतं. ‘एक अपवाद वगळता संपूर्ण गाव मशेरीमुक्त,’ असं मिरगेंनी भाषणात सांगितलं. बाकीच्या बायांच्या डब्या माळ्यावर, धान्याच्या कणगीत, देवघरामागं होत्या. मला माहीत आहे. मी पाणी सोडायला आळीआळीनं फिरतो. सकाळी कुणाचं बोट काळं आहे ते मला दिसत होतं. मी तेही कुणाला सांगितलं नाही.

मोहीम संपल्यावर फळा रिकामा झाला. भास्करराव म्हणाले, ‘निवृत्ती, पाण्याच्या वेळा लिहायला तुला होईल.’ तेव्हापासून रोज सकाळी मी त्याच फळ्यावर लिहितो, वरची आळी अमुक वाजता, मधली आळी तमुक वाजता.

*

अकरा वर्षांनी सगुणाच्या गालाला आतून जखम झाली आणि भरेना. मिरजेला नेलं. तिथं एक तरुण डॉक्टरीण होत्या, मुल्ला मॅडम. ऑपरेशन झालं. अर्धा जबडा काढला. सगुणाला बोलता येईना. पोर आता कॉलेजात होती. ती आईच्या उशापायथ्याला बसून काळजी घ्यायची.

एका सकाळी मुल्ला मॅडम तिच्या खाटेशी बसल्या आणि मला विचारलं, ‘ह्यांनी मशेरी सोडायचा कधी प्रयत्न केला होता का?’

मी म्हणालो, ‘केला होता एकदा. जमलं नाही.’

सगुणानं पोरीला खूण केली. पोरीनं पिशवीतून एक सुरळी काढली. काठीसारखी बारीक, वर दोरा. मी ओळखलं. मला वाटलं होतं ते कधीच चुलीत गेलं असेल.

मुल्ला मॅडमनी ते खाटेवर पसरलं. कोपरे दुमडत होते, त्यावर त्यांनी आपला चष्मा आणि मोबाईल ठेवला. जुलै बघितला, ऑगस्ट बघितला. बराच वेळ बघितला. मग सगुणाकडं बघून विचारलं, ‘हे लाल म्हणजे पाळीचे दिवस? आणि काळे म्हणजे मशेरी?’

सगुणानं मान हलवली.

‘कुणी सांगितलं होतं असं लिहायला?’

सगुणानं स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं.

मॅडम माझ्याकडं वळल्या. ‘हे तुम्ही कुणा डॉक्टरला दाखवलं होतं का?’

‘दाखवलं होतं,’ मी म्हणालो. ‘तो हसला.’

मी तो हसला म्हणालो. मी हसलो असं नाही म्हणालो.

‘हसण्यासारखं ह्यात काय आहे?’ त्या म्हणाल्या. आवाज चढला त्यांचा. बाजूच्या खाटेवरची माणसं बघायला लागली. ‘सिगारेट सोडणाऱ्या, दारू सोडणाऱ्या बायकांवर याचे अभ्यास झालेत. पाळीच्या आधी शरीरातली संप्रेरकं बदलतात. त्या दिवसांत बऱ्याच जणींना तलफ जास्त येते, सोडल्याचा त्रास जास्त होतो. सगळ्यांना नाही. अभ्यासांचं सगळं एकमतही नाही, दारूचं तर अजून कमीच कळलंय. का कमी कळलंय? कारण वर्षानुवर्षं हे सगळं पुरुषांवर तपासलं आणि बायकांना तेच लागू केलं. आणि ही बाई, शाळा किती झाली हिची?’

‘चौथी.’

‘ही चौथी शिकलेली बाई कोळसा आणि कुंकू घेऊन स्वतःच्या शरीराचा हिशेब ठेवते, आणि डॉक्टर हसतो!’

मी विचारलं, ‘म्हणजे आठ दिवस नंतर शपथ घेतली असती तर सुटली असती?’

त्या म्हणाल्या, ‘ते आज कुणीच सांगू शकणार नाही. कदाचित नसतीही सुटली. पण आठ दिवस थांबल्यानं कुणाचं काय बिघडणार होतं?’

मॅडमनी ऑगस्ट-सप्टेंबरच्या पानांवर बोट ठेवलं. ‘आणि इथून पुढं एकाही घरात तीनच्या वर ठिपके नाहीत. आणि लाल दिवसांच्या आधी तीन ठिपक्यांच्या बाजूला हे पोकळ गोल. हे काय?’

ते मी कधी पाहिलंच नव्हतं. त्या एकोणतीस तारखेला तिनं ‘ह्या महिन्यात बी तेच’ म्हटलं तेव्हा मी वीज यायची वाट बघत होतो.

सगुणा माझ्याकडं बघत होती. ती त्या गोलांवर नखानं टकटक करत होती, आणि बघत माझ्याकडं होती. मी म्हणालो, ‘घरी गेल्यावर बघू.’

घरी गेल्यावर ती पाच महिने जगली. पोरीनं तिला पाटी आणून दिली होती. तिच्यावर ती लिहायची, पाणी, औषध, खिडकी लाव. मी विचारलं असतं तर तिनं गोलांचंही लिहिलं असतं. मी विचारलं नाही. मला भीती वाटत होती की उत्तर मला ठाऊक आहे.

*

चौदावा झाल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी मी कॅलेंडर घेऊन अनसाकाकूंकडं गेलो. साडेसात वाजले होते. आठला वीज येणार होती आणि त्या दिवसापासून मला पुन्हा कामावर जायचं होतं. काकू आता सत्तरी ओलांडलेल्या. ओसरीवर बसल्या होत्या, बोट हिरडीवर. मला बघून त्यांनी चूळ भरली.

मी कॅलेंडर त्यांच्यापुढं ठेवलं. ‘काकू, हे गोल कसलं?’

त्यांनी वाकून बघितलं. नजर कमी झाली आहे त्यांची. बोटानं चाचपल्यासारखं केलं. मग माझ्याकडं न बघता बोलायला लागल्या.

‘तुझ्या बायकोनं त्या महिन्यात आपली मशेरी माझ्याकडं आणून टाकली हुती. म्हणाली, काकू, तुम्ही भाजा, तुमच्याकडंच ठेवा, आन् मला दिवसातनं तीन चिमट्या द्या. चौथी मागितली तरी द्यायची न्हाई, पाया पडले तरी द्यायची न्हाई. मी म्हटलं, हे काय खूळ? तर म्हणाली, मला बघायचंय, घरात साठा असतुया म्हणून बोट जातंय का आतनं येतंय. पहिलं तीन आठवडं गप तीन घेऊन जायची. कधी दोनच घ्यायची, मी म्हणायची, अगं ने की तुझा हक्क. आन् शेवटच्या आठवड्यात, बाबा! दिवसातनं सहा-सहा डाव आली. ह्या पायरीवर बसून रडली. मी दिली न्हाई. तिचीच आण हुती. जितक्यांदा माघारी गेली तितकं गोल.’

मी खाली बसलो.

म्हणजे चुलीचं, तव्याचं, साठ्याचं, मी दोनशे माणसांत जे सांगून हशा मिळवला होता, ते तिनं माझ्या आधी महिनाभर स्वतःवर तपासून, खोटं आहे म्हणून बाजूला ठेवलं होतं. घरात एक चिमूटही नव्हती, तरी तलफ आली होती. आणि ती हेच सांगायला तोंड उघडत होती. दोनदा. एकदा दिवा लागला म्हणून मी निघून गेलो, आणि एकदा तिला खाली बसवलं.

‘काकू, तुम्ही त्या दिवशी सभेत हुता,’ मी म्हणालो. माझा आवाज मलाच मोठा वाटला. ‘पुढंच बसला हुता. का बोलला न्हाई?’

‘उठणार हुते. तुझ्या बायकोनं मागनं माझा पदर धरला. घरी येऊन म्हणाली, काकू, गावाला काय सांगू नका. ह्यांना सांगा. पण ह्यांनी विचारल्यावर सांगा, आपणहून नगं.’ त्यांनी माझ्याकडं बघितलं. ‘अकरा वर्षं झाली, निवृत्ती. भिंतीला भिंत हाय आपली. तू विचारलंच न्हाईस.’

आठ वाजले. काकूंच्या ओसरीवरचा दिवा लागला. मी उठलो नाही.

सव्वाआठला फोन वाजला. भास्करराव. आता सरपंच त्यांची सून आहे, पण फोन तेच करतात.

‘निवृत्ती, वीज येऊन पंधरा मिनिटं झाली. मोटार चालू न्हाई केलीस? दुःखाचं घर हाय, मी समजू शकतो, पर गाव खोळंबलंय.’

‘खोळंबू द्या,’ मी म्हणालो.

‘आँ?’

‘तिनं आठ दिवस मागितलं हुतं, भास्करराव. गावाला आठ दिवस थांबता आलं न्हाई. मिरगेला न्हाई, तुम्हाला न्हाई, मला न्हाई. बक्षिसाची तारीख हुती ना! आता गावानं पाण्यासाठी थांबावं. दहा तारखेला सोडतो.’

‘काय बोलतोयस तू? कसलं आठ दिवस?’

त्यांना आठवतसुद्धा नव्हतं. मी फोन बंद केला.

अनसाकाकू म्हणाल्या, ‘झालं बोलून? आता ऊठ.’

‘उठणार न्हाई.’

‘ऊठ म्हणते. पाणी न्हाई आलं तर भास्कर काय नदीवर घागर घेऊन जाणार हाय व्हय? बायाच जाणार. तुझा राग बी बायांच्याच डोक्यावर ठेव. एवढंच ऱ्हायलं हुतं.’

मी उठलो. पंपघरात गेलो, मोटार चालू केली. मग पंचायतीपाशी आलो. फळ्यावर चौदा-पंधरा दिवसांपूर्वीच्या पाण्याच्या वेळा तशाच होत्या; सुतकात मोटार दुसऱ्यानं चालवली होती, वेळा मात्र कुणी लिहिल्या नव्हत्या. मी तळहातानं फळा पुसला. खडू घेतला आणि वर, जिथं तेव्हा तिचं नाव होतं तिथं, लिहिलं, ‘निवृत्ती गणपत शेडगे.’ खाली रेघ मारली. त्याच्या खाली रोजच्यासारखं, वरची आळी साडेनऊ, मधली आळी साडेदहा, खालची आळी साडेअकरा.

याला दोन वर्षं झाली. वेळा रोज पुसतो, रोज नव्या लिहितो. नाव पुसत नाही. पावसानं गेलं की पुन्हा गिरवतो. भास्कररावांनी दोनदा पुसायला लावलं, मी दोनदा लिहिलं. पाणी भरायला आलेल्या बाया विचारतात, ‘अण्णा, हे तुमचं नाव कशापायी?’

मग मी घागर खाली ठेवायला सांगतो, आणि पहिल्यापासून सांगतो. एकोणतीस तारखेपासून.